माळावरचा तरवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपद संपत आला की मला तरवडाबद्दल विचारणा सुरू होते. कुणाला घटाच्या माळेला फुलं हवी असतात, कुणाला बांधावर लावायला बी, कुणाला मधुमेहावर चहा करायचा असतो. माण तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा ओळख करून दिली ती देवघराची आणि दुसरी ओढ्याकाठच्या तरवडाची. तेव्हापासून मी हे झुडूप बघते आहे, आणि गेली काही वर्षं बांधावर लावतेही आहे. तीच तीच उत्तरं पुन्हा द्यावी लागतात, म्हणून सगळी एकत्र लिहून ठेवते.

तरवड म्हणजे नेमकं कोणतं झाड?

झाड नव्हे, झुडूप. उंची साधारण पुरुषभर, चांगल्या जागी थोडी जास्त. बुंध्यापासूनच फांद्या फुटतात, साल तपकिरी असते, आणि पावसाळा सरता सरता टोकाटोकाला हळदीसारख्या पिवळ्याधमक फुलांचे घोस येतात. मूळचं आपल्याच भागातलं : भारत, श्रीलंका, म्यानमार. संस्कृतात आवर्तकी, गुजरातीत आवळ, तेलुगूत तंगेडू, तमिळमध्ये आवारम्, सिंहलीत रणवरा.

शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलेटा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली त्याला कॅसिया ऑरिक्युलेटा म्हटलं होतं, म्हणून जुन्या पुस्तकांत ते नाव सापडेल. ऑरिक्युला म्हणजे लॅटिनमध्ये छोटा कान. तो कान कुठला, ते पुढच्या उत्तरात.

पिवळी फुलं कितीतरी झाडांना येतात. तरवडच आहे हे कसं ओळखायचं?

फूल सोडा, आधी पान बघा. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे दोन्ही बाजूंना एकेक गोलसर, हिरवी पाकळी असते, थेट कानाच्या पाळीसारखी. ती झडत नाही, पानासोबतच राहते. एवढे मोठे कान आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही पिवळ्या फुलाच्या झुडपाला मी पाहिलेले नाहीत. मग पर्णिका, म्हणजे पानाच्या दांड्यावरची छोटी पानं, मोजा. एका पानावर समोरासमोर आठ ते बारा जोड्या, टोकाला अगदी बारीक सुईसारखं अग्र. जोड्यांच्या मधोमध दांड्यावर बारीक गाठी दिसतील. त्यांतून गोडसर द्रव पाझरतो, म्हणून तिथे मुंग्या फिरत असतात.

गफलत होते ती पुढच्या मंडळींशी. टाकळा हे पावसाळी रोपटं, गुडघ्याएवढं, त्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या आणि शेंगा लांब, बारीक. त्याची भाजी करतात, तरवडाची नाही. कासविंदाही ओल्या जागी वाढणारा आणि पानं चुरगळली की उग्र वासाचा. बहावा तर वृक्षच, त्याचे झुंबरासारखे घोस खाली लोंबतात आणि तेही उन्हाळ्यात. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेला काशिद परदेशी. टेकड्यांवर माजलेलं, घंटेसारख्या पिवळ्या फुलांचं टेकोमा तर वेगळ्याच कुळातलं, अमेरिकेकडून आलेलं. दरवर्षी कुणीतरी टेकोमाची फांदी आणून "हा तरवड ना?" असं विचारतं. एकदा कान पाहून ठेवले की पुन्हा चूक होत नाही.

शेंग सापडली तर प्रश्नच मिटतो. चपटी, कागदासारखी पातळ, बोटाएवढी लांब, वाळली की तपकिरी. आतल्या प्रत्येक बीचा उंचवटा बाहेरून मोजता येतो.

घटाला तरवडाचीच माळ का?

आमच्याकडे पहिली माळ विड्याच्या पानांची असते आणि पुढच्या दिवसांत तरवड, कारळा, तीळ, झेंडू असं काय काय येतं. घरोघरी क्रम वेगळा. अमुक दिवशी तरवडच हवा असा सर्वांना लागू पडणारा नियम मी कधी ऐकला नाही.

मला विचाराल तर कारण सरळ आहे. घट म्हणजे शेतातली माती, शेतातलं धान्य आणि त्या दिवसांत रानात जे फुललं असेल ते. आश्विनात कोरडवाहू मुलखात ज्वारीची पेरणी व्हायची असते किंवा नुकती झालेली असते, कारळा-तीळ फुलात असतात आणि बांधावर तरवड पिवळा झालेला असतो. त्याला पाणी कुणी घातलेलं नसतं, तो विकत आणावा लागत नाही. सासूबाई म्हणायच्या, "देवीला तिच्याच रानातलं द्यावं." आता नवरात्रात शहरातल्या मंडईतही तरवडाच्या जुड्या विकायला येतात. चार फुलांना दहा रुपये मोजताना अनेकांना गावचा बांध आठवतो.

तो कुठे कुठे उगवतो? पाऊस किती लागतो?

पर्जन्यछायेचा सगळा पट्टा त्याचाच म्हणायला हरकत नाही. माण, खटाव, सांगोला, जत, आटपाडी, बारामती-इंदापूरचा जिरायत भाग, अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव आणि पुढे कर्नाटक-तेलंगणात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी पाऊस पडणाऱ्या भागात तो निवांत वाढतो. त्याची मुळं खोल जातात. एखाद्या वर्षी पावसानं पाठ फिरवली तर पानं विरळ होतात, फुलं कमी येतात, पण झुडूप सहसा मरत नाही.

नेवासे तालुक्यातलं तरवडी हे गाव पुष्कळांना ठाऊक असेल. मुकुंदराव पाटलांचं सत्यशोधक वर्तमानपत्र 'दीनमित्र' तिथूनच निघत असे. त्या गावाचं नाव वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी हे झुडूप येतं.

कसली जमीन हवी?

मुरमाड, बरड, खडकाळ, ओघळीच्या कडेची, बांधाची, तालीची. काळ्या मातीतही येतो, फक्त पाणी साचून राहता कामा नये. थोड्या चोपण, म्हणजे खारवट चिकट, जमिनीतही तग धरतो. किंबहुना, दक्षिणेत त्याचा पाला अशाच जमिनी सुधारण्यासाठी गाडत असत. मात्र पाणथळ जागेत आणि दाट सावलीत लावू नका. ऊन दिवसभर हवं.

बी पेरलं, पण उगवतच नाही. काय चुकतंय?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मीही हे भोगलेलं आहे. पहिल्या वर्षी मी दोनशे पिशव्या भरल्या, प्रत्येकीत दोन दोन बिया टाकल्या, महिनाभर पाणी घातलं. रोपं उगवली सात. मला वाटलं बी किडकं असेल. पावसाळा संपल्यावर पिशव्या उलट्या केल्या, तर बहुतेक बिया होत्या तशाच निघाल्या : टणक, चकचकीत, पेरल्या दिवशी दिसत होत्या तशा. पाणी आत शिरलंच नव्हतं.

तरवडाच्या बीचं कवच पाणी आत घेत नाही. रानात ते उन्हानं, घासाघाशीनं, मातीतल्या जीवांमुळे हळूहळू झिजतं. काही बिया पहिल्या पावसात उगवतात, काही दुसऱ्या, काही चौथ्या वर्षी. माळावर हेच शहाणपणाचं. मृगात सरी येतात, सगळं हिरवं होतं आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. एकाच पावसाच्या भरवशावर सगळं बी उधळून बसणारं झुडूप अशा मुलखात टिकलंच नसतं.

आपल्याला एकदम रोपं हवी असतात, तेव्हा ते कवच आपण फोडायचं. दोन रीती आहेत.

थोड्या बिया असतील तर नेलकटरनं. बीला एका टोकाला बारीक ठिपका असतो, ती तिच्या नाळेची जागा. तिथे हात लावू नका, अंकूर त्याच बाजूला असतो. विरुद्ध टोकाचं कवच टिचभर, म्हणजे खरोखर टाचणीच्या डोक्याएवढं, उडवायचं. आतला फिकट पिवळा गर दिसला की पुरे.

जास्त बिया असतील तर पाणी उकळून खाली उतरवा, दोन-चार मिनिटं थांबा, बोट बुडवता येणार नाही इतकं गरम असतानाच बी त्यात टाका आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी झाकण काढलं की फरक डोळ्यांना दिसतो. काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या असतात, कवच मऊ, रंग फिका. काही तशाच बारीक आणि कडक. फुगलेल्या त्याच दिवशी पेरा. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तेच करा. आगीवर ठेवून शिजवू मात्र नका, तसं करून एकीनं सगळी ओंजळ वाया घालवली होती.

फुगलेलं बी आठवडा-दोन आठवड्यांत वर येतं. बी गोळा करताना आणखी एक बघा : शेंगेवर टाचणीनं टोचल्यासारखं भोक असेल तर आतली बी भुंगेऱ्यानं खाल्लेली असते. ती शेंग टाकून द्या.

बी कधी गोळा करायचं?

शेंगा तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळल्या की. आमच्याकडे पौष ते फाल्गुन. निम्म्या शेंगा झुडपावरच राहू द्या.

माळावरून छोटं रोप उपटून आणलं, ते दोन दिवसांत वाळलं. असं का?

कारण ते वर वीतभर असतं आणि खाली हातभर. पहिल्या पावसाळ्यात तरवड सगळी ताकद सोटमुळात घालतो. ते मूळ तुटल्याशिवाय रोप निघत नाही, आणि तुटलं की पुन्हा तसं धरत नाही. रानातलं रोप तिथेच राहू द्या. पिशवीत लावायचं तर उंच पिशवी घ्या आणि रोप बोटा-दोन बोटांचं असतानाच, पहिला दमदार पाऊस झाल्यावर, जागेवर न्या. माझा अनुभव विचाराल तर पिशवीपेक्षा थेट जागेवर टोकणं बरं. जूनमध्ये बांधावर पहारीनं बोटभर खोल भोक, त्यात तीन फुगवलेल्या बिया, वर माती. कुंपण करायचं असेल तर दीड-दोन फुटांवर एक, नुसती झुडपं हवी असतील तर चार-पाच फुटांवर.

खत आणि पाणी किती द्यायचं?

पहिल्या वर्षी पावसानं ओढ दिली तर आठवड्यातून एकदा तांब्याभर. दुसऱ्या वर्षापासून काही नको. खत अजिबात नको. एका ताईंनी शेणखत आणि ठिबक दोन्ही दिलं. झुडूप छान उंच गेलं, पानं दाट झाली, फांद्या लवचिक होऊन वाऱ्यानं लोळल्या आणि फुलं मोजकीच आली.

लावल्यावर किती दिवसांनी फुलतो?

बहुतेक दुसऱ्या पावसाळ्यानंतर. खडकाळ जागी तिसरं वर्ष लागतं. फुलांचा मुख्य बहर भाद्रपद-आश्विनात सुरू होतो, मार्गशीर्षापर्यंत चालतो. त्यानंतरही अधूनमधून एखादा घोस दिसतोच.

शेळ्या-मेंढ्या खातात का?

सहसा नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. आमच्या रानातून दरवर्षी मेंढ्यांचे वाडे जातात. बोर, बाभळीच्या शेंगा, गवत सगळं खुडलं जातं, तरवड जसाच्या तसा. फारच टंचाई असली तर एखादी शेळी शेंडा चावून बघते आणि सोडून देते. म्हणून राखण न करता बांधावर काही लावायचं असेल तर मी आधी त्याचंच नाव घेते. तो वाढला की त्याच्या बुडाशी, काट्याकुट्यांच्या आडोशाला, जनावराच्या तोंडी लागणारी इतर रोपंही वाढतात. आमच्या ओढ्याकाठच्या दोन लिंबांनी आणि एका बोरीनं असाच तरवडाच्या आडून जीव धरला.

फुलात मध नसतो म्हणतात. मग त्यावर एवढे भुंगे कशासाठी येतात?

परागासाठी. याचं उत्तर वाचण्यापेक्षा बघण्यासारखं आहे. आश्विनात सकाळी आठच्या सुमारास फुललेल्या तरवडाजवळ स्वस्थ बसा.

आधी एक फूल जवळून बघा. पाच पाकळ्या, कडा किंचित चुरगळलेल्या, त्यांवर शिरांची बारीक जाळी. मधोमध दहा पुंकेसर, पण सारखे नाहीत. वरचे तीन खुरटलेले, त्यांच्यात पराग नसतो. मधले आखूड. खालचे लांब आणि शिंगासारखे वाकलेले. त्यांच्याच बाजूनं हिरवा, बारीक, बाकदार स्त्रीकेसर बाहेर येतो, काही फुलांत डावीकडे झुकलेला, काहींत उजवीकडे. परागकोश फाटून उघडत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीला असावं तसं.

मग येतो मोठा काळा भुंगा, लाकूड पोखरणारा. तो फुलाला मिठी मारतो, पंख मिटतो आणि अंग थरथरवतो. उडतानाची गुणगुण आणि ही थरथर यांचा आवाज वेगळा आहे. ही जास्त बारीक, तार छेडल्यासारखी. त्या थरथरीनं छिद्रांतून पराग भसकन बाहेर पडतो. मधल्या आखूड पुंकेसरांतला भुंगा गोळा करून पिल्लांसाठी नेतो. खालच्या लांब पुंकेसरांतला त्याच्या अंगाच्या कडेला, पाय पोहोचत नाही अशा जागी लागतो, आणि पुढच्या फुलात नेमक्या त्याच जागी स्त्रीकेसराचं टोक टेकतं. डाव्या झुकावाच्या फुलातला पराग उजव्या झुकावाच्या फुलाला, असा हा व्यवहार.

मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती येते, सांडलेलं वेचते आणि जाते. म्हणजे तरवडाला शेंगा हव्या असतील तर काळे भुंगे हवेत, आणि भुंग्यांना राहायला वाळकं लाकूड हवं. वठलेली फांदी, जुना वासा, सुकलेला बांबू लगेच चुलीत घालू नका.

दिवेलागणीला पुन्हा एकदा त्याच झुडपाजवळ जा. पर्णिका जोडीजोडीनं मिटलेल्या दिसतील.

पानांवर हिरव्या अळ्या पडल्यात. काय फवारू?

काही नाही. त्या पांढुरक्या-पिवळसर फुलपाखरांच्या, कॅटॉप्सिलिया प्रजातीतल्या अळ्या आहेत. त्या तरवड, टाकळा, बहावा अशाच झाडांवर वाढतात. पंधरा दिवस पानं खातील, मग कोषात जातील. तरवड पुन्हा फुटतो. श्रावण-भाद्रपदात ओढ्याच्या ओल्या वाळूवर जी फुलपाखरं दाटीनं बसलेली दिसतात, त्यांत ही पुष्कळ असतात.

शेंगवर्गातला आहे, म्हणजे जमिनीत नत्र धरत असेल ना?

नाही. हा समज फार पसरलेला आहे. हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत नत्र बांधणारे जिवाणू राहतात. सेन्ना प्रजातीच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. म्हणून नुसता लावला की जमीन सुपीक होईल, असं धरून चालू नका. त्याचा कोवळा पाला कापून चिखलात किंवा सरीत गाडला तर सेंद्रिय खत म्हणून चांगला, तो उपयोग जुना आहे. शिवाय मूळ बांध धरून ठेवतं. आमचा ओढ्याकडचा बांध गेल्या मोठ्या पावसात जिथे तरवड होता तिथे टिकला, मधला मोकळा तुकडा वाहून गेला.

चामड्याशी याचा काय संबंध?

खूप जवळचा. सालीत टॅनिनचं प्रमाण भरपूर, साधारण पंधरा ते वीस टक्के. कातडं सडू नये, मऊ आणि टिकाऊ व्हावं म्हणून ते ज्या रसात मुरवतात, त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा यांच्याबरोबर तरवडाची सालही वापरत. दक्षिणेत तर ती या कामाची मुख्य साल होती. मद्रासकडून परदेशी जाणारं कमावलेलं कातडं मोठ्या प्रमाणात तिच्यावरच तयार होई. पुढे आफ्रिकेतून वॅटल नावाच्या बाभळीच्या जातभाईची साल आली, मग कातडं कमावायला क्रोमचे क्षार आले आणि मागणी ओसरली.

आपल्याकडे हे काम ढोर समाजानं पिढ्यानपिढ्या केलं. साल कधी काढायची, किती दिवस भिजवायची, रस कितपत कडू झाला की कातडं आत सोडायचं, हे ज्ञान त्या घरांतलं. मोट, पखाल, चाबूक, वहाण, यांतलं काहीच त्या ज्ञानाशिवाय झालं नसतं, आणि त्या माणसांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. तरवडाबद्दल लिहिताना फक्त देवीची माळ सांगायची आणि कातडं मुरवायची ही कुंडं वगळायची, हे मला पटत नाही.

फुलांचा चहा घेतल्यानं साखर उतरते का?

सुकवलेल्या फुलांचा काढा तमिळनाडूत आणि श्रीलंकेत रोजच्या वापरात आहे. तमिळमध्ये एक म्हण आहे, तिचा अर्थ असा : आवारम् फुललेला असताना कुणाला मरताना पाहिलंय का? यावरून त्या लोकांचा त्याच्यावर किती विश्वास आहे ते कळेल. उंदरांवरच्या प्रयोगांत फुलांच्या अर्कानं रक्तातली साखर कमी झाल्याचं दिसलं आहे.

पण म्हणून गोळ्या बंद करून चहा सुरू करू नका. मी हे हात जोडून सांगते. गोळ्या चालू असताना वरून काढा घेतला तर साखर एकदम खाली जाण्याचीही भीती असते. गरोदर बाया, लहान मुलं आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी यापासून लांबच राहावं. घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्यांच्यापासून लपवू नका. डोळे आले की बियांची पूड घालण्याचा जुना उपाय कुणी सांगेल, तो मुळीच करू नका. आणि ओळख पक्की नसेल तर रस्त्याकडेचं कुठलंही पिवळं फूल उकळू नका.

बतुकम्मातलं फूल आणि हे एकच का?

एकच. तेलंगणात भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बाया फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात, तिच्याभोवती फेर धरून गातात. तंगेडू म्हणजे तरवड आणि गुनुगू म्हणजे आपला कुर्डू, ही त्यातली महत्त्वाची फुलं. तंगेडू हे तेलंगणाचं राज्यफूल आहे. बतुकम्मा बघायला हैदराबादलाच जायला हवं असं नाही. सोलापुरात विणकामासाठी येऊन स्थिरावलेली तेलुगू घरं पिढ्यानपिढ्या बतुकम्मा करत आली आहेत. त्याच दिवसांत, त्याच शहरात, शेजारच्या मराठी घरात त्याच फुलाची माळ घटावर चढते.

कुंडीत, गच्चीवर येईल का? आणि कोकणात?

गच्चीवर येईल, ऊन पूर्ण असेल तर. किमान दीड फूट खोल कुंडी किंवा जुना पिंप, तळाला भोकं, निम्मी माती आणि निम्मा मुरूम. रोज पाणी घालायची सवय असलेल्यांच्या हातून तो मरतो. बोट खुपसून बघा, दोन पेरं खाली कोरडं लागलं तरच पाणी द्या.

कोकणात आणि घाटमाथ्यावर तो रमत नाही. तिथल्या पावसात मुळं कुजतात. त्या मातीची स्वतःची इतकी सुंदर रानफुलं आहेत, ती लावा.

आम्ही परदेशात राहतो. बी पाठवाल का?

नाही, मनापासून माफी मागून नाही. बियाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ-पाठवू नये, बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. शिवाय इथे गुणी असलेलं झुडूप तिथल्या कोरड्या रानात तण होऊन बसू शकतं. आपल्याकडे टेकोमानं आणि घाणेरीनं काय केलं ते आपण बघतोच आहोत. माळेला तिथलं, त्या ऋतूतलं फूल घ्या.

छाटायचा कधी?

शेंगा पडून गेल्यावर, चैत्र-वैशाखात. कमरेएवढा ठेवला की पावसाळ्यात बुडापासून नवे फुटवे येतात. छाटलेल्या फांद्यांचे खराटे होतात, पूर्वी कोवळ्या काडीनं दातही घासत.

तरवड म्हणजे तणच ना? बांध स्वच्छ करताना काढून टाकला तर काय बिघडलं?

तो पिकात शिरत नाही. नांगर चालतो तिथे तो टिकत नाही. सातबाऱ्यावर ज्या तुकड्यापुढे पोटखराबा लिहिलेलं असतं, तो त्याचा. ओढ्याची काठं, तालीचे उतार, दगडांचे ढीग. आपण जे कसू शकत नाही तेवढंच त्यानं घेतलं आहे, आणि त्या बदल्यात बांध धरला, भुंगे पोसले, वहाणा दिल्या, माळ दिली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावाकडच्या रस्त्याची साफसफाई झाली. ऐन भाद्रपदात, कळ्या आलेल्या असताना, मशीननं दोन्ही कडा तासून काढल्या. रस्ता रुंद करायचा नव्हता, नुसतं स्वच्छ दिसायला हवं होतं. मी पोहोचले तेव्हा चाळीसएक झुडपं मुळांसकट उपटून ढीग लावलेला होता आणि कळ्या अजून ताज्या होत्या. त्या वर्षी पोरी फुलं मागायला आल्या आणि मोकळ्या हातानं परत गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या कडांवर गाजर गवत आलं.

तरवड वरून कापला तर पुन्हा फुटतो, खणून काढला तर जातो. एवढा फरक लक्षात ठेवून साफसफाई करा. आणि पडीक म्हणून माळावर सरसकट सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी लावायला निघालेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे : खड्डा घेण्याआधी एक पावसाळा तिथे काय उगवतं ते बघा. गवत आणि खुरटी झुडपं हेच त्या जागेचं रान असतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते अशाच उघड्या माळासाठी. खोकड, लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी, कुणालाच तिथे दाट झाडी नको असते.

नवरात्रात फुलं तोडायची तर किती, कशी?

माळेला लागतील तेवढीच. फांदी ओढून मोडू नका, घोसातली उमललेली फुलं देठासकट खुडा, कळ्या राहू द्या, त्या पुढच्या माळेला होतील. एका झुडपाची दोन-तीन घोसांपेक्षा जास्त नको. उजाडता उजाडता गेलात तर फुलं दवानं ताठ असतात. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती काळी पडतात. ओवताना सुई पाकळ्यांतून घालू नका, देठाच्या खाली पुष्पकोशातून घाला, म्हणजे फूल उलटत नाही. आणि भुंगा बसलेलं फूल असेल तर तो उठेपर्यंत शेजारचं घ्या.